सेंटर फॉरवर्डचा सौदा

हिलालला न्यायला दोन माणसं एकाच सकाळी सारंगखेड्याच्या यात्रेत उतरली, आणि दोधू पाटलाच्या राहुटीत त्या दिवशी घोड्यांची बोलणी मागेच पडली.

दत्तजयंतीची यात्रा म्हणजे दोधूचा जीव की प्राण. शेती दोघा भावांची, पण घोड्यांचा नाद एकट्या थोरल्याचा. तापीकाठी राहुटी ठोकून तो आठवडाभर तिथेच राही आणि सगळं घर सोबत आणी. म्हातारी आई सुंदरबाई, बायको कमलीबाई, धाकटी भावजय दगूबाई, सगळ्या दोन बैलगाड्यांत बसून येत. राहुटीच्या मागे गाड्या आडव्या लावल्या की मधल्या जागेत चूल पेटे. त्या चुलीपाशी दगूबाई कळण्याच्या भाकरी थापत होती, आणि तिचे कान मात्र पुढच्या बोलण्याकडे होते.

बोलणं तिच्या नवऱ्याचं, हिलालचंच चाललं होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हिलाल नंदुरबारला शिकायला गेला तेव्हा पुस्तकांपेक्षा चेंडूच्या मागे जास्त धावला, आणि तसाच धावत भुसावळच्या रेल्वे कारखान्यात पोचला. कागदावर फिटर, मैदानावर सेंटर फॉरवर्ड. मग मुंबईच्या एका गिरणीने त्याला उचललं. तिथून कराची, कराचीहून बंगलोर, आणि गेल्या साली थेट बोटीने रंगून. जिथे जाई तिथे हजेरीपटावर त्याचं नाव कुठल्या तरी कामापुढे लिहिलेलं असे. पगार मात्र पायांचा. हंगाम संपला की तो गावी येई, आईच्या हातचं भरीत खाई, भावाबरोबर चार दिवस शेतात हिंडे, आणि पुन्हा गाडीत बसे. दगूबाईचा प्रवास माहेर ते सासर एवढाच. मूलबाळ नव्हतं. त्यावरून कुणी तिला टोचून बोललं की सुंदरबाई दोष मुलावर घेत परस्पर सांगे, "आंडोर मन्हा बोटमा बठेल शे, आनि तुम्हू सूनले इचारतस?"

आलेल्या दोघांपैकी एक कलकत्त्याचे नलिनीबाबू. बारीक अंगाचे, धोतराचा सोगा खिशात खोवलेले, थंडीने नाक लाल झालेलं. मुंबईच्या एका सामन्यात हिलालने त्यांच्या संघावर दोन गोल चढवले होते, तेव्हापासून ते त्याच्या मागावर होते. दुसरे रतुभाई, काठेवाडातल्या एका संस्थानचे कामदार, म्हणजे कारभारी. महाराजांना फुटबॉलचा शौक लागला होता. रतुभाई रिकाम्या हाताने आले नव्हते. त्यांच्यासोबत एक अबलख घोडी होती, दोन्ही कानांची टोकं वर एकमेकांना टेकणारी. दोधूने ती पाहिली आणि त्याच्या हातातला चहा निवून गेला.

घोटाळा असा होता की हिलालने दोघांनाही होकार देऊन टाकला होता. जिलेबीच्या दुकानापाशी नलिनीबाबू भेटले, त्यांना तो "हां बाबू, आऊंगा" म्हणाला. राहुटीवर येऊन पाहतो तर रतुभाई बसलेले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तर त्यांनाही "हां" म्हणाला. घरीदारी तो असाच होता. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून दुसरी भाकरी नको असतानाही तिसरी खाई.

"माय, तूच सांग," दोधू आत येऊन आईला म्हणाला. "काठेवाड कितलं जवळ शे! सुरतवरतून गया का पोचना."

"तुले काठेवाड जवळ शे का घोडी जवळ शे?" सुंदरबाई तूर निवडता निवडता म्हणाली.

दोधू हसत बाहेर गेला.

दगूबाईने तवा उतरवला. कमलीबाई शेजारी वांगी भाजत बसली होती. या दोघी जावा, पण गावात त्यांना सख्ख्या बहिणी समजत. विहिरीवर, शेतात, दळणाला, सगळीकडे जोडीने. दगूबाईच्या मनात गेली दोन वर्षं जे घोळत होतं ते तिने पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं.

"बाई, एक गोट सांगू?"

"सांग ना."

"यंदा मी बी जासु."

"कोठे? माहेरले?"

"ते जठे जातीन तठे."

कमलीबाईच्या हातातलं वांगं राखेत पडलं. "येडी व्हयनी का तू? परका मुलूख, परकी बोली. तठे तुले कोन शे?"

"नवरा शे."

कमलीबाईने वांगं उचललं, झटकलं, पुन्हा विस्तवावर ठेवलं. मग एकदम तिचा आवाज चढला. "आनि मी? मी त्या घरमा कोनासंगे बोलू? आत्याबाईसंगे? का मन्हा नवराना घोडासंगे?"

"बाई..."

"मन्हासंगे बोलू नको." आणि ती तशीच उठून सासूकडे गेली. "आत्याबाई, दखा, धाकली काय म्हनी ऱ्हायनी. म्हने, मी बी जासु."

सुंदरबाईने मान वर केली नाही. "मन्हा कान शाबूत शेत," ती म्हणाली. "आयकं मी."

दगूबाई मनातून गार झाली. सासूच्या त्या दोन शब्दांत होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. आणि जी हक्काची, तीच रुसून बसली होती.

इतक्यात पुढून रतुभाईंचा आवाज आला. "दोधूभाई, घोडो लेतां पहेलां दोडावीने जोईए के नहीं?"

दोधूला हे मनापासून पटलं. जनावर पळवून न बघता घेणाऱ्याला तो स्वतःच मूर्ख म्हणे. नलिनीबाबूंनी पिशवीतून चपटा झालेला चेंडू काढला, सायकलवाल्याकडचा पंप आणवून तो फुगवला, आणि मंडळी तापीच्या वाळूकडे निघाली. कुस्तीच्या फडासाठी आलेले पहिलवान, घोडेवाले, बंदोबस्ताचे दोन पोलीस, सगळे हौसेने खेळायला तयार झाले. बैलांची दोन जोखडं वाळूत उभी रोवली, तो एक गोल. घोड्यांना पाणी पाजायच्या दोन लाकडी हाळ्या उभ्या केल्या, तो दुसरा.

गाड्या काठावर उभ्या होत्या. सुंदरबाई गाडीवर चढून बसली, कमलीबाई तोंड फिरवून तिच्या पलीकडे. दगूबाई गाडीच्या दांडीला धरून उभी राहिली. नऊ वर्षांत तिने नवऱ्याचा खेळ पाहिला नव्हता. मैदान नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी मुलखात असायचं.

हिलालने धोतराचा काचा मारला, सदरा काढून एका पोलिसाच्या खांद्यावर टाकला, आणि अनवाणी वाळूत उतरला.

सुरुवातीला दगूबाईला काहीच कळेना. चेंडू इकडे जाई, माणसं तिकडे धावत, पहिलवान एकमेकांवर आदळत आणि घोडी खिंकाळत. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की सगळे चेंडूच्या मागे धावतात आणि हिलाल धावत नाही. तो चालतो. इकडे तिकडे बघत, बाजारात आल्यासारखा चालतो. आणि एकाएकी, कुणाला काही कळायच्या आत, चेंडू जिथे येणार असतो तिथे तो आधीच उभा असतो.

"इकडे दे!" तो एका घोडेवाल्यावर ओरडला. "मन्हाकडे! आंधया शे का?"

दगूबाईने दांडी घट्ट धरली. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. घरात पाणी हवं असेल तर हा माणूस आधी विचारी, कुणाला पाहिजे का म्हणून. इथे तो मागत नव्हता, हक्काने घेत होता. चेंडू पायाशी आला. एक धिप्पाड पहिलवान समोरून आला, हिलालचे खांदे डावीकडे झुकले, पहिलवान डावीकडे गेला, आणि हिलाल उजवीकडून निघून गेला. पहिलवान वाळूत बसकण मारून स्वतःच हसू लागला. पुढे एक पोलीस होता. त्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला आणि हिलाल त्याला वळसा घालून पुन्हा चेंडूशी पोचला. मग जोखडांच्या मधून चेंडू असा सुटला की मागे उभ्या असलेल्या गुडीशेववाल्याने आपली परात डोक्यावर धरली.

काठावरचे लोक ओरडले. दगूबाईही ओरडली, आणि आपण ओरडलो हे कळून तिने पदर तोंडात कोंबला.

तिला दुसरंही काही दिसलं. दोनदा वळताना हिलालचा डावा गुडघा लचकला. एकदा तो पडला, उठायला वेळ लागला, आणि उठल्यावर त्याने आधी नलिनीबाबूंकडे पाहिलं. बाबू त्याच्या गुडघ्याकडेच बघत होते.

खेळ संपला तसे सगळे राहुटीत जमले. बायका कनातीच्या आड बसल्या. अलीकडचं पलीकडे सगळं ऐकू जात होतं.

रतुभाई खूश होते, दोन खोल्यांचं घर द्यायलाही तयार होते. "पक्कुं. घर आपीशुं, बे ओरडा, आंगणुं. वहूने साथे लावो. मेच तो महाराजाना मेमान आवे त्यारे ज रमवानी. बाकी आराम."

नलिनीबाबू उपरणं गुंडाळून बसले होते. ते हिंदीत म्हणाले, "हम झूठ नहीं बोलेगा. घुटना हमने देखा. फिर भी ले जाएगा. हमारे यहाँ बारिश में भी लोग पेड़ पर चढ़के खेल देखता है. पर घर नहीं दे सकता. खिलाड़ी सब मेस में रहता है. औरत वहाँ नहीं रह सकता."

"मंग सरळ शे," दोधू मांडीवर थाप मारून म्हणाला. "हिलाल, काठेवाड. घर भेटस, दगूले बी लई जा. आनि घोडी आपली दावणले."

"बरं दादा," हिलाल म्हणाला.

दगूबाईला जे हवं होतं ते असं ताटात वाढून समोर आलं होतं. घर, अंगण, नवरा. तिने काही न बोलता बसून राहायचं, एवढंच उरलं होतं. पण "बरं दादा" म्हणणारा तो आवाज तिला सहन होईना. थोड्या वेळापूर्वी वाळूत ओरडणारा माणूस महाराजांचे पाहुणे कधी येतात याची वाट बघत अंगणात बसलेला तिच्या डोळ्यांपुढे आला.

थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. तिने सासूकडे तोंड केलं आणि कनातीपलीकडे स्पष्ट जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मोठाभाऊले सांगा, काठेवाड नको."

पलीकडून दोधूही आईलाच म्हणाला, "माय, तिले इचार, घर भेटस, आखो काय पाहिजे?"

"आत्याबाई, सांगा, घर मन्हासाठे शे. खेळ त्यासना शे. तठे खेळ कोठे शे? पाव्हना उना का खेळ, नही तं दावण."

"माय, तिले सांग, कलकत्ताले गया तं तू आठेच ऱ्हाशी. बाबू काय म्हना ते आयकं ना?"

दगूबाईचा आवाज थोडा खाली आला. "आयकं. मी ऱ्हासु. पन त्यासले कलकत्ताले जाऊ द्या. आते नही गया तं मंग कधी जातीन?"

कमलीबाईने चटकन तिच्याकडे पाहिलं. जाऊ घरी राहणार, तिला तर हेच हवं होतं. पण ऐकल्यावर तिला आनंद झालेला दिसला नाही.

निवडलेल्या तुरीचं सूप सुंदरबाईने बाजूला ठेवलं, कनात हाताने सारली आणि ती सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन बसली.

"दोधू, तुना बाप लढाईमा खच्चरं लई बसराले गया व्हता. परत उना तं रोज सांगे. तठली नदी अशी, तठला खजूर असा. मी हां हां करू. माले काहीच दिखे ना. तो मरस तवलोंग सांगत ऱ्हायना आनि मी हां हां करत ऱ्हायनू." तिने नाक पुसलं. "बिचाराले वाटे, हिले समजस. दगूवर ती पाळी नको. जाई तं दोन्ही जातीन. नही तं कोनी नही."

दोधू घोडीकडे बघत राहिला.

"हिलाल," सुंदरबाई म्हणाली, "तू काय म्हनस? आते हां हां करशी तं मी तुन्ही पाठ सोलसु."

हिलालच्या अंगावर अजून वाळू होती. त्याने आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग कनातीकडे. "रतुभाई, माफ करो," तो म्हणाला. "नहीं आऊंगा. मैंने सुबह हां बोल दिया, वो गलत बोला." मग नलिनीबाबूंकडे वळून म्हणाला, "बाबू, आऊंगा. लेकिन औरत साथ में आएगी. नहीं तो नहीं."

'नाही' हा शब्द त्याने राहुटीत तीनदा उच्चारला होता. दोधूला तो घोडीपेक्षाही नवीन वाटला.

नलिनीबाबूंनी डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात बंगालीत काहीतरी हिशेब केला. "मेरा एक मासी है," ते शेवटी म्हणाले. "मैदान से दूर नहीं. छत पर एक कमरा है. लेकिन मासी बहुत बात करती है. सारा दिन. पहले वाला किराएदार भाग गया."

हिलालने अर्थ सांगितला. कनातीमागून दगूबाई म्हणाली, "आत्याबाई, बाबूले सांगा, मी बी बोलस."

राहुटी हसण्याने दणाणली. रतुभाईंना तर ठसका लागला.

दोधूला मात्र एक काम उरलं होतं. तो काही झालं तरी व्यापारी होता, आणि भावाचा गुडघा त्यानेही पाहिला होता. एका हंगामासाठी नेऊन पुढच्या साली गाडीत बसवून देतील, हे त्याला नको होतं. त्याने उपरणं काढलं, नलिनीबाबूंच्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. "हिलाल, बाबूले सांग, एक बोट म्हनजे एक हंगाम. कितला हंगाम ठेवतस, तितला बोटं धरा."

हिलालने सांगितलं. बाबूंनी मान डोलावली. त्यांना वाटलं सौदा झाला, आता हात मिळवायचा. त्यांनी उपरण्याखाली दोधूचा अख्खा पंजा धरला आणि जोरजोराने हलवला.

"पाच!" दोधू ओरडला. "पाची बोटं! दखा रे बठ्ठा!"

बाबूंचा चेहरा पांढरा पडला. "पाँच? सेक्रेटरी हमको गंगा में डाल देगा!"

मग खरा सौदा सुरू झाला आणि ऊन कलेपर्यंत चालला. शेवटी तीन बोटांवर मिटलं. दोधूचं म्हणणं, आपण दोन हंगाम सोडून दिले. बाबूंचं म्हणणं, आपण दोन वाचवले. दोघेही समाधानाने जिलेबी खायला गेले. जाता जाता दोधूने रतुभाईंना सहज विचारलं, घोडी तशी विकायची आहे का.

कमलीबाईने मात्र त्या दिवसापासून दगूबाईशी नीट बोलणं टाकलं. "मीठ दे," "बादली उचल," एवढंच. होळी झाली, जायचा दिवस आला, तरी तेच. दगूबाईने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा कमलीबाई गोठ्यात निघून गेली.

तापी ओलांडून बैलगाडी दोंडाईचा स्टेशनवर आली. सगळे पोचवायला आले होते. कमलीबाईच्या डोक्यावर एक मोठी टोपली होती: बिबड्या, कुरडया, मिरच्या, लोणच्याची बरणी. रेल्वे आली तशी ती कुणाला न विचारता बायकांच्या डब्यात चढली, बाकाखाली टोपली सरकवली आणि पहिल्यांदा भडाभडा बोलू लागली.

"बरणी आडवी करू नको. बिबड्या त्या मासीले बठ्ठ्या दी देऊ नको. आनि दख, त्यासना गुडघाले रोज तेल लाव. दिवेलनं, एरंडीनंच, दुसरं नको. आनि कोनी काही बोलनं तं गप बसू नको, समजनं का? तुले बोलता येस, माले माहित शे. मी इतला दिन बोलनू नही, ते..."

गाडीला झटका बसला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खिडकीबाहेर सुंदरबाई मागे सरकली, मग दोधू धावताना दिसला, धोतर सावरत, "उतर! अय, उतर!" करत. मग फलाट संपला.

"दगू," कमलीबाई खाली बसत म्हणाली, "मी चालनू ना ओ."

दगूबाई हसू लागली. कमलीबाईने तिला चापट मारली, मग तीही हसू लागली, आणि डब्यातल्या इतर बायका काय झालं म्हणून विचारू लागल्या तरी दोघींना सांगता येईना. मग कमलीबाई खिडकीशी सरकली. बाहेर गव्हाची शेतं मागे पळत होती, माणसं हात वर करत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती रेल्वेत बसली होती. तिने खिडकीचा गज धरला आणि स्टेशन येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.

पुढचं स्टेशन विखरण. हिलाल पुरुषांच्या डब्यातून धावत आला आणि स्टेशन मास्तरला सगळं समजावून सांगू लागला. उलटी गाडी दुपारी होती. कमलीबाई फलाटावर उतरली, पदर सारखा केला. डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

"बाई, जपीसन जा," दगूबाई खिडकीतून म्हणाली.

"कलकत्ता आखो कितला दूर शे?"

"दोन दिन."

कमलीबाईने पुढे जाणाऱ्या रुळांकडे पाहिलं, मग गावाकडे जाणाऱ्या. शिट्टी झाली, डबे हलले.

"तितलंच?" ती म्हणाली.